बारकीचं कार्ड

१० जानेवारी

ती. ताई,

नमस्कार घे आणि आधी बस. उभ्याने वाचू नकोस, नाहीतर तुझा गुडघा माझ्या नावाने बोटं मोडेल.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि हल्ली मला भांडायला दम पुरत नाही. जिना चढून आले की भिंतीला टेकून उभी राहते, तोंडातून शब्द फुटत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. मला हवं तिथे थांबता येतं आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर बातमी अशी, की मला कार्ड मिळालं. सरकारी आरोग्य विम्याचं, कमी मिळकतवाल्यांना देतात ते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे येतं आणि म्हणून दम लागतो, हे तुला मागे सांगितलंच होतं. तेव्हा ऑपरेशनचा खर्च ऐकून मी डॉक्टरांना म्हटलं होतं, राहू द्या, मी जिने चढायचंच सोडते. आता त्या खर्चाशी माझा काही संबंध नाही. ऑपरेशन, खाट, औषधं, तपासण्या, सगळं कार्डावर. काउंटरवरची मुलगी कार्ड मशिनला लावते, मशिन टुक करतं आणि ती म्हणते, "व्हा पुढे." ताई, दवाखान्यात पैसे न मागता मला कुणी पुढे व्हा म्हणालं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

ह्यांची तर नुसती धांदल चालली आहे. गॅरेजमधून येताना सफरचंद आणतात, सोलतात, बारीक फोडी करून एकेक हातात देतात. मी म्हणते, अहो, माझी झडप बिघडली आहे, हात नाही. पण ऐकतील तर ना. त्याआधी घासून घासून हात धुतात. गाड्या रंगवणाऱ्याची नखं कधी स्वच्छ निघत नाहीत, तुला माहीत आहे. ह्यांची हल्ली निघतात.

भाऊजी कसे आहेत? नव्या वर्षात एखादा शब्द बोलले, की अजून मुहूर्त लागायचा आहे?

तुझी बारकी

&nbsp;

२१ जानेवारी

बारके,

तुझं पत्र लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. उभ्यानेच वाचलं, कारण बसायला जी एकुलती एक खुर्ची आहे तिच्यावर मालकाची पिशवी बसलेली असते.

कार्ड मिळालं, फार चांगलं झालं. तुझं ऑपरेशन होईल, तू बरी होशील, मला आनंद झाला. हे लिहून झालं. आता खरं लिहिते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चादरीची एक कड दोनदा इस्त्री केली आणि दुसरी तशीच घडी घातली, इतकं डोकं फिरलं होतं.

माझ्या गुडघ्याचं ऐक. ज्या खाजगी दवाखान्याच्या चादरी मी दिवसभर इस्त्री करते तिथेच दाखवायला गेले. म्हटलं, ओळखीचं काहीतरी होईल. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, झिजला आहे, बदलावा लागेल. मग खर्च सांगितला. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. बाहेर आले तर दारातच आमच्या लाँड्रीचं गाठोडं पडलेलं, गाठ मीच मारलेली. माझ्या चादरींना त्या दवाखान्यात जागा आहे, मला नाही.

आता मीही कार्डासाठी अर्ज करणार. तुझा नवरा कमावता असून तुला मिळालं, तर मला का नाही? तिथे पगार कसा मोजतात ते जरा नीट लिही.

सफरचंदाचं वाचलं. तुझ्या नवऱ्याला तुझ्या लग्नात पाहिलं तेव्हा स्वतःचं ताटसुद्धा त्याला उचलता येत नव्हतं. माणसं सुधारतात म्हणायची. आमचे हे आहेत तसे आहेत. पेपर वाचतात, कामावर जातात, येतात, पेपर वाचतात. सकाळचाच.

ताई

&nbsp;

८ फेब्रुवारी

ती. ताई,

आधी हसले, मग वाईट वाटलं, मग परत हसले. खुर्चीवर पिशवी आणि माणूस उभं, हे तुझ्याच नशिबी!

अर्ज जरूर कर. पगाराचं मला फारसं कळत नाही गं. आमचं सगळं तिथल्या लोकांनी तपासूनच दिलं आहे. आणि आजारी माणसाला हिशेब विचारू नयेत.

मागच्या आठवड्यात तपासण्यांसाठी दवाखान्यात राहून आले. खिडकीजवळची खाट मिळाली. रोज सकाळी चादर बदलतात, कडक इस्त्रीची. तुझी आठवण आली, पण घड्या तुझ्यासारख्या सरळ नव्हत्या. मोठे डॉक्टर येतात आणि त्यांच्यामागे शिकाऊ मुलामुलींचा घोळका. एक मुलगी माझ्या छातीला नळी लावून दुसरीला म्हणाली, "ये, ये, ऐक, किती छान आवाज आहे!" बिघडलेल्या झडपेचं एवढं कौतुक! माझं लग्नातसुद्धा इतकं झालं नव्हतं. लग्नात सगळे तुझ्याच कपड्यांकडे बघत होते.

ह्यांनी कामावर दांड्या मारल्या. खाटेशेजारी स्टुलावर बसून असायचे. मला हात वर केला तरी धाप लागते, तर माझे केस विंचरून दिले. गुंता सोडवताना इतके हळू, की मीच म्हटलं, अहो, ओढा जरा, झोप लागेल मला. शेजारच्या खाटेवरची बाई बघतच राहिली. म्हणाली, "नशीब काढलंत." मी म्हटलं, आमच्या ताईच्या कानावर घालते.

ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी आहे. जमलं तर ये. हे आहेतच, त्यामुळे ओढाताण करून यायला नको.

तुझी बारकी

&nbsp;

२७ फेब्रुवारी

बारके,

माझा अर्ज नाकारला.

कारकुनाने आमच्या दोघांचे पगार मिळवले, मान हलवली आणि म्हणाला, "तुम्ही जरा वर आहात." ह्यांनी गेल्या वर्षी कारखान्यात जादा पाळ्या केल्या, म्हणून आम्ही वर. मी म्हटलं, साहेब, जादा पाळ्या माझ्या गुडघ्याच्या औषधांसाठीच केल्या. तो म्हणाला, "त्याचा रकाना नाही." म्हणजे कार्ड मिळू नये इतके आम्ही श्रीमंत, आणि गुडघा मिळू नये इतके गरीब.

आपण दोघी एका घरात वाढलो, दोघींचे नवरे कमावते. तुझ्याकडे कार्ड आहे, खिडकी आहे आणि केस विंचरणारा नवरा आहे. माझ्याकडे गुडघा आहे. हा कुठला न्याय, तूच सांग. घरी येऊन ह्यांना म्हटलं, बारकीचा नवरा तिला सफरचंद सोलून भरवतो. हे म्हणाले, "महाग झालीत." आणि पान उलटलं.

येण्याचं बघू.

ताई

&nbsp;

१ एप्रिल

ती. ताई,

तू बऱ्याच दिवसांत लिहिलं नाहीस. माझंही लिहिण्यासारखं नव्हतं. आता लिहायलाच हवं.

माझं कार्ड थांबवलं आहे. परवा दवाखान्यात मशिन टुक झालंच नाही. मुलीने पुन्हा लावलं, पुसून लावलं, मग पडद्यावर काहीतरी वाचलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. जरा बाजूला उभ्या राहा."

त्याआधी एक माणूस चौकशीला घरी आला होता. सभ्य होता. पाणी घेतलं, मग विचारलं, "पती इथेच राहतात?" मी म्हटलं, नाही. तो गॅलरीत गेला. दोरीवर ह्यांचे शर्ट वाळत होते. दारात ह्यांच्या चपला, बेसिनवर दाढीचा ब्रश. त्याने शर्टाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाला, "बाई, शर्ट ओला आहे."

ताई, हे घरात नाहीत. गेल्या उन्हाळ्यातच गेले, गॅरेजचे हिशेब लिहायला एक बाई यायची तिच्याबरोबर. गॅरेज सोडलं, गाव सोडलं, पत्ता कुणाकडे नाही. मी पाकिटं चिकटवून जे मिळवते तेवढीच आता या घराची मिळकत, आणि कार्ड मिळालं ते त्यामुळे. अर्जात मी खरं लिहिलं होतं, पती सोबत राहत नाहीत. सरकारला खरं सांगितलं आणि तुला खोटं.

शेजाऱ्यांना तर रोजच खोटं सांगते. एकटी बाई म्हटलं की घरमालकाच्या बोलण्याची तऱ्हा बदलते, ज्याला जिन्यात काही काम नाही तोही जिन्यात घुटमळतो. म्हणून मी ह्यांचे शर्ट आलटून पालटून पाण्यातून काढते आणि दोरीवर टाकते. न घातलेला शर्ट धुवायला सोपा, मळच नसतो.

सफरचंद मी विकत आणत नाही. दवाखान्यात केस मीच विंचरले, थांबत थांबत. स्टुलावर माझी पिशवी होती.

तो माणूस जाता जाता म्हणाला, "तुमचे मिस्टर तुम्हाला सफरचंदाच्या फोडी करून हातात देतात ना?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. असली गोष्ट याच्यापर्यंत कुणी पोचवली, देव जाणे. कुणीतरी जळकं माणूस असणार.

आता ऑफिसवाले म्हणतात, जवळच्या नात्यातल्या माणसाने समोर येऊन सांगायचं, की नवरा हिला सोडून गेला आहे. सही करायची. मग कार्ड चालू होईल. आई नाही, बाबा नाहीत. तूच आहेस. ऑपरेशनची तारीख तीच आहे, पण तोवर कार्ड चालू झालं नाही तर खाट दुसऱ्याला देतील.

येशील का?

बारकी

&nbsp;

९ एप्रिल

बारके,

वाचलं. तो असा निघेल असं वाटलं नव्हतं. मला आधी का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे? मला खरं कळलं असतं तर कितीतरी गोष्टी झाल्या नसत्या.

मला येणं कठीण आहे. बसची पायरी उंच असते, गुडघा वाकत नाही. लाँड्रीत रजा घेतली तर माझ्या टेबलावर दुसरीला उभी करतील. तू शेजारच्या बाईंना का नेत नाहीस? त्या रोज बघतात, त्यांच्या शब्दाला वजन असेल. नात्यातलंच माणूस हवं असं ऑफिसवाले आधी म्हणतात, मग ऐकतात.

आणि तक्रार कुणी केली याच्या मागे लागू नकोस. त्यातून काही निष्पन्न होणार नाही, उगाच तुझी छाती धडधडेल.

जप.

ताई

&nbsp;

१५ एप्रिल

ती. ताई,

तू म्हणालीस म्हणून शेजारच्या वहिनींना घेऊन गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून ऑफिसच्या जिन्यात सांगायचं ठरवलं होतं. पण जिन्यात मला दम लागला. वर पोचेपर्यंत बोलता आलं नाही आणि वर पोचल्यावर साहेबांनी लगेच आत बोलावलं.

साहेबांनी विचारलं, "यांचे पती घरी राहतात का?" वहिनी माझ्यासाठी वाघिणीसारख्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "राहतात म्हणजे? रोज शर्ट वाळत असतात. सरळ माणूस आहे, कधी आवाज चढवलेला ऐकला नाही. या बाईवर कुणी काही शिंतोडे उडवत असेल तर माझ्याशी गाठ आहे!"

साहेबांनी ते लिहून घेतलं. आता माझ्याविरुद्ध दोघींचं म्हणणं झालं, एक तक्रार करणारीचं आणि एक माझी बाजू घेणारीचं. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "बघा, कसं ठणकावून सांगितलं." मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, झडपेच्या त्रासाने हृदय मोठं व्हायला लागलं आहे, आता पुढे ढकलू नका. मी विचारलं, ढकललं तर? ते माझ्याकडे न बघता लिहीत राहिले.

ताई, मला मरायची भीती वाटते. हे मी कुणाला बोलले नव्हते, ह्यांचे शर्ट धुताना स्वतःशीसुद्धा नाही. तू ये. इथे आलीस तर मी तुला एका शब्दानेही काही विचारणार नाही.

बारकी

&nbsp;

२४ एप्रिल

बारके,

मी येऊन गेले. तुझ्या गावात आले, ऑफिसात गेले आणि तुला न भेटता परत आले. का, ते लिहिते.

साहेबांनी माझं नाव विचारलं. कागद चाळले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तक्रार तुम्हीच केली आहे."

हो बारके. मीच.

माझा अर्ज नाकारला त्या दिवशी इथल्या काउंटरवर मी त्या कारकुनाला म्हटलं, मग माझ्या बहिणीला कसं मिळालं? तिचा नवरा कमावता आहे, तिला सफरचंद सोलून भरवतो. तुला लिहिणार होते की तोंडातून निसटलं. निसटलं नाही. कारकून म्हणाला, "नाव सांगा." मी सांगितलं. त्याने पेन उचललं, तेव्हा गप्प बसता आलं असतं. त्याने पत्ता विचारला आणि मी पिनकोडसकट सांगितला. बाहेर पडल्यावर गुडघासुद्धा कमी दुखत होता. इतकं बरं वाटलं होतं मला. हे वाचून तुला काय वाटेल ते वाटो, पण आता अर्धं सांगून उपयोग नाही.

साहेब म्हणाले, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

मी म्हटलं, "तेव्हाही तिने सांगितलं ते बोलले, आताही तिने सांगितलं तेच बोलते."

"मग खरं कुठलं धरायचं?"

"साहेब, माझी बहीण मला खिजवायला खोटं बोलेल. मरायला बोलणार नाही."

त्यांनी चष्मा परत लावला आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, लिहून द्या, तक्रार गैरसमजातून केली. मी म्हटलं, गैरसमज नव्हता, पोटात दुखत होतं. ते म्हणाले, "तसं लिहिता येत नाही." मग गैरसमज लिहिलं, सही केली. शेजारच्या बाईंच्या बोलण्याचं कारणही सांगितलं, ते शर्टांचं सगळं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. कार्ड दोन-चार दिवसांत चालू होईल. तारखेला दवाखान्यात जा, कुणी अडवलं तर साहेबांना फोन करायला सांग.

हे बरोबर आले होते. मी काही म्हटलंही नव्हतं. सकाळी बघते तर कामाचे कपडे न घालता दारात उभे. प्रवासभर एक अक्षर नाही. माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले, जशी काही तिच्यात अंडी आहेत. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना माझ्या पुढे एक पायरी उतरून थांबायचे. मी खांद्यावर हात ठेवला, पाय खाली आला, की मग पुढची पायरी. मागून लोक तुंबले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांसमोर मी सगळं कबूल केलं तेव्हा शेजारीच बसले होते. वाटलं, आता बाहेर गेल्यावर तरी बोलतील, दोन शब्द सुनावतील. तर बाहेर आल्यावर म्हणाले, "चहा?" असा माणूस. याच्याबरोबर संसार केला मी.

तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो. वर बघितलं, गॅलरीत निळा शर्ट वाळत होता. वर यायला पाय उचलेना, आणि या वेळी गुडघ्यामुळे नव्हे.

शर्ट आता टाकू नकोस, पुन्हा कुणी बघायला आलं तर पंचाईत. घरमालक काय बघायचं ते बघेल.

अजूनही जळते तुझ्यावर, खोटं कशाला लिहू? तुझं ऑपरेशन होणार आणि माझा गुडघा असाच राहणार, हे लिहितानाही आत काहीतरी कुरतडतं. पण तू नीट हो. तू गेलीस तर मी जळायचं कुणावर?

ताई

&nbsp;

१८ मे

ती. ताई,

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तरी समजून घे. ऑपरेशन झालं. ठरल्या दिवशी कार्ड मशिनला लावलं, टुक झालं आणि मी तिथेच रडायला लागले. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, मला ऑपरेशनची भीती वाटते.

नवी झडप वाजते. आजूबाजूला शांत असलं की ऐकू येते. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमचं घड्याळ जरा उशीखाली ठेवाल का?" मी म्हटलं, काढून ठेवता आलं असतं तर ठेवलं असतं. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जिनासुद्धा चढता येईल.

तक्रारीचं मला त्या माणसाने सफरचंदाचं विचारलं तेव्हाच कळलं होतं. त्या फोडींचं जगात फक्त तुला माहीत होतं, कारण त्या कधी झाल्याच नव्हत्या. तो गेल्यावर दार लावलं आणि तुला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. दम लागेपर्यंत दिल्या, म्हणजे फार नाही झाल्या. मग पाणी प्यायले आणि बसल्या बसल्या मला बरं वाटायला लागलं. ताई माझ्यावर जळली! माझी ताई, जिला सगळं माझ्याआधी मिळालं, घर, लग्न, वडिलांचं कौतुक, गुडघेदुखीसुद्धा, ती माझ्यावर इतकी जळली की काउंटरवर जाऊन पिनकोड सांगून आली. मी ती पत्रं लिहिली ती याचसाठी. तुला तिकडे मिरच्या झोंबाव्यात म्हणून मी इथे एकटी बसून नवरा रचत होते. झोंबल्या. त्यात मी मरायला टेकले, ते जाऊ दे. तुझी माफी-बिफी मला नको. मी देणारही नाही, मागणारही नाही.

पण तुझं मागचं पत्र मी दवाखान्यात बरोबर नेलं होतं. शुद्धीवर आल्यावर नर्सकडून मागून घेतलं आणि पुन्हा वाचलं. कबुलीचा भाग नाही, तो एकदा वाचला तेवढा पुरे. भाऊजींचा भाग. तू तो तक्रार म्हणून लिहिला आहेस, ताई! असा माणूस, म्हणतेस. वाचून माझ्या छातीत जे काही झालं ते नव्या झडपेचं नव्हतं, मी नर्सला विचारून खात्री केली.

इतके दिवस मी बसून नवरा घडवला. सफरचंद सोलणारा घडवला, नखं घासणारा घडवला, गुंता सोडवणारा घडवला. मला वाटलं होतं, याच्यापुढे जगात काही नसेल. एक पायरी खाली उतरून थांबणारा मला सुचलासुद्धा नाही.

आता तूच सांग, याची तक्रार मी कुठल्या ऑफिसात करू?

तुझ्यावर जळणारी,
बारकी